डॅशबोर्डवरच्या टाचा

चालकाशेजारचं दार उघडून ती आत वाकली आणि तशीच थांबली. डॅशबोर्डवर, सामानाच्या कप्प्याच्या वरच्या अंगाला, दोन खड्डे होते. शेजारी शेजारी, लिंबाएवढे. त्यांच्यापासून समोरच्या काचेकडे बारीक चुण्या गेल्या होत्या, हसताना डोळ्यांच्या कोपऱ्यांत पडतात तशा. सामान आपटून पोचा पडला तर त्याला कड असते, बघताक्षणी कळतं की इथं काहीतरी लागलं. हे खड्डे गोल होते, सावकाश पडलेले होते. कुणीतरी पुष्कळ दिवस, पुष्कळ प्रवासांत, इथं टाचा टेकवून बसलं होतं. तिनं हात पुढं केला आणि बोटं टेकवायच्या आधीच मागं घेतला. मागून मालकांचा आवाज आला, "काय ताई, होईल ना? गिऱ्हाईक उद्या बघायला येतंय. बाकी गाडी फर्स्ट क्लास आहे, तेवढं ते पुढचं नीट दिसायला हवं." ती "होईल" म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

जुन्या गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि पुढं विकायच्या असा मालकांचा धंदा होता. इंजिन एकाकडे, पत्रा आणि रंग दुसऱ्याकडे, आणि गाडीच्या पोटातलं सगळं रेक्झिन हिच्याकडे. माणसं गाडीत बसतात, कोपर टेकतात, गुडघे रोवतात, झोपतात, भांडतात. त्या सगळ्याचं काही ना काही सीटवर, दारांच्या अस्तरांवर उरतं. ते काढून टाकायचं. गाडी अशी दिसली पाहिजे की तिच्यात कधी कुणी बसलंच नव्हतं. शेडच्या टोकाला, जिथं सकाळचं ऊन सरळ आत येतं, तिथं तिचा कोपरा होता. एक लाकडी टेबल, साबणाच्या पाण्याची बादली, मऊ फडकी, आणि केस वाळवायच्या यंत्राची थोरली बहीण शोभेल अशी हीट गन. शेडमध्ये सगळे तिला ताई म्हणत. कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी मेकॅनिक "ताई, जरा सरका" म्हणाला, तर तिनं मागं वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. तिच्या लेखी ताई हे एकाच माणसाचं नाव होतं. ते असं वाटेत सापडल्यासारखं कुणीही उचलावं आणि तिला चिकटवावं, याची सवय व्हायला बराच काळ गेला. आता झाली होती. पण आज मालकांनी "काय ताई" म्हटलं आणि क्षणभर तिला वाटलं, ते आपल्याशी बोलत नाहीयेत. जिच्या टाचा आहेत तिच्याशी बोलताहेत.

तिनं डॅशबोर्ड मागं ठेवला आणि दारापासून सुरुवात केली. दाराच्या अस्तरावर कोपरापाशी एक लांब चुणी होती, ती सोपी होती. साबणाच्या पाण्यानं पुसून घेतलं, कोरडं केलं, गन सुरू केली. गरम हवा आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची तिची पद्धत होती. मनगटाला सोसली तर रेक्झिनला सोसेल. गन एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची, भाजी परतावी तशी. रेक्झिन आधी काहीच दाद देत नाही. मग एकाएकी सैल पडतं, हट्ट सोडलेल्या पोरासारखं, आणि त्याच वेळी बोटांनी चुणी दोन्हीकडे ओढून वरून ओलं फडकं दाबायचं. गार झालं की ते तसंच राहतं. ऊब जास्त झाली की मात्र पृष्ठभागावरचा दाणा मरतो, तिथं एक तकतकीत डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. आणि या सगळ्यात तो वास. तापलेल्या रेक्झिनचा, थोडा गोड, थोडा रबरी. एरवी तो तिला येतच नसे. हलवायाला साखरेचा वास कुठं येतो? आज आला. नाकातून नाही, कुठूनतरी खालून, पोटातून आला, आणि त्याच्यामागोमाग बाबांची गाडी आली.

बाबा भाड्याची गाडी चालवत. दिवसभर परकी माणसं वाहून संध्याकाळी गाडी घरापुढं यायची, आणि धुवायला न्यायच्या आधी ते दोघी बहिणींना एक चक्कर मारून आणायचे. आई नव्हती, ही चक्कर होती. ताई पुढं बसायची, कारण ती मोठी. बसल्या बसल्या चपला काढून दोन्ही पाय डॅशबोर्डवर. "पाय खाली घे, उद्या गिऱ्हाईक काय म्हणेल," बाबा म्हणायचे. "म्हणेल, काय सुंदर पाय आहेत," ताई म्हणायची. बाबांना हसू आवरायचं नाही आणि पाय तिथंच राहायचे. ही मागं. मागं बसायची नाहीच, उभी राहायची, दोन सीटांच्या मधे, ताईच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवून. तिथून तिला ताईचे केस दिसायचे, पलीकडे ताईचे पाय, आणि पायांच्या पलीकडे रस्ता. सगळा रस्ता ताईच्या पावलांच्या मधून यायचा. दिवे, झाडं, वळणं, सगळं आधी ताईच्या अंगठ्यांना लागायचं आणि मग हिच्यापर्यंत पोचायचं. उन्हाळ्यात सीटचं रेक्झिन मांड्यांना चिकटे आणि उठताना चर्रर्र आवाज होई. त्यावर ताई असं काही तोंड करी की ही हसून हसून खाली बसे. आपण कधीतरी पुढं बसावं असं तिला वाटायचं का? वाटत असणारच. पण आता आठवू म्हटलं तर ते वाटणं आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त हनुवटीखालची सीटची शिवण, आणि "दिसतंय का गं तुला?" असं मान न वळवता विचारणारा ताईचा आवाज.

चुणी गेली होती. तिनं फडकं उचललं, अस्तरावरून तळवा फिरवला, आणि शेडच्या मधोमध उभ्या मालकांकडे गेली. "ही गाडी कुणाची?"

"का? काही बिघडलंय आतून?"

"नाही. सहज."

"एका बाईंची आहे. आता एकट्याच आहेत, चालवणारं कुणी नाही म्हणून काढली. दुपारी सह्या करायला यायच्यात."

"वयानं केवढ्या?"

मालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. एवढी चौकशी ही बाई कधी करत नसे. "असतील तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या."

"दिसायला कशा आहेत?"

"अहो, परक्या बायका दिसायला कशा असतात हे मी बघायला लागलो तर घरी जेवण बंद होईल माझं," मालक म्हणाले आणि मेकॅनिकला हाक मारत निघून गेले.

हे असं काही नसणार हे तिला कळत होतं. ताई इथं राहत नव्हती; ताईचं शहर लांब होतं, रात्रभराच्या प्रवासाचं. ताईकडे गाडी आहे की नाही हेही हिला माहीत नव्हतं. जगात डॅशबोर्डवर पाय टाकून बसणाऱ्या बायका काय थोड्या असतील? हे सगळं तिनं स्वतःला बजावलं, आणि तरी पुढच्या कामाला हात लावला तेव्हा हात हलका झाला होता, कुणी पाहुणं यायचं असलं की होतो तसा. मालक "एकट्या आहेत" म्हणाले. म्हणजे भावोजी? मुलगा? मुलगा आता केवढा असेल? एवढं सगळं झालं आणि मला कळवलं नाही? तिला खरोखरच राग आला. मग स्वतःचंच हसू आलं, की आपण एका परक्या बाईवर रागावलो आहोत, जी ताई नाही. आणि हसू विरलं तशी भीती वाटली: असली तर?

भांडण झालं नव्हतं. लोकांना सांगायला भांडण बरं असतं. ताई नोकरीसाठी गेली, तिकडेच लग्न केलं, बाबांनी थोडी कुरकुर केली आणि मग जावयाला सगळ्यांपेक्षा जास्त मान दिला. पुढं बाबा अंथरुणाला खिळले. ताईला त्याच सुमारास मूल झालेलं, तेही नाजूक. ही बाबांपाशी होती. सगळं हिनंच केलं, त्याबद्दल तिला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही वाटत नव्हतं. बाबा गेले. सगळं आटोपल्यावर ताई पोचली. दारात उभी राहिली, एका हातात बॅग, कडेवर झोपलेलं मूल, आणि हिच्याकडे बघून म्हणाली, "तू होतीस ना."

तेवढंच. बाकी दोघी पुष्कळ बोलल्या असतील, रडल्याही, एका ताटात जेवल्या. पण ताई परत गेल्यावर हिच्यापाशी तेवढंच वाक्य राहिलं. तू होतीस ना. म्हणजे काय? तू होतीस, मग असं कसं झालं? तू होतीस, मग मला वेळेवर का नाही बोलावलंस? तू होतीस, तुला मिळाले बाबा शेवटपर्यंत, मला नाही मिळाले? भांडी घासताना, टेबलावर रेक्झिन कापताना, नवरा शेजारी घोरत असताना तिनं ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं होतं. नवरा म्हणाला होता, "अगं, विचार ना तिलाच. फोन कर आणि विचार, बाई गं, तुला म्हणायचं काय होतं." त्याच्या जगात सगळं असं सरळ होतं. आणि विचारायचं तर कसं? ताईला ते वाक्य आठवतही नसलं तर? दर आठवड्याचे फोन सणावारापुरते झाले, मग वाढदिवसापुरते, मग वाढदिवसालाही फुलांचं एक चित्र यायचं, आणि एका वर्षी तेही आलं नाही. हिनंही पाठवलं नाही. कुणी तोडलं नव्हतं. जुनं कापड धुता धुता विरत जातं आणि एक दिवस बोट आरपार जातं, तसं झालं होतं.

जळका वास आला आणि तिनं गन झटक्यात बाजूला घेतली. सीटच्या कडेला, शिवणीपाशी, नखाएवढा तकतकीत डाग पडला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ओलं फडकं दाबून ती तशीच बसून राहिली. मग उठली, नळावर जाऊन तोंड धुतलं, एप्रन काढून खिळ्याला लावला, केस नीट केले. मेकॅनिक गाडीखालून म्हणाला, "ताई, आज काय फोटो काढायचाय?" तिनं एप्रन पुन्हा घातला. परत काढला.

बाई आल्या त्या उन्हं कलल्यावर. मालकांच्या केबिनची काच धुळकट होती; तिच्यातून पाठमोरी आकृती दिसली, खुर्चीवर बसलेली, खांदे थोडे पुढं आलेले. ताईचे खांदे पुढं आले असतील का आता? मान तशीच, केस तसेच, नाही, केसांचं काय सांगावं, केस कुणाचेही पांढरे होतात. ती शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. पत्र्यावरचा हातोडाही तिला ऐकू येईना. बाई उठल्या, वळल्या, दाराबाहेर आल्या. त्या ताई नव्हत्या. रुंद, सावळा, समजूतदार चेहरा, चष्मा, हनुवटीवर एक तीळ. ताईच्या चेहऱ्याशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. खांबाला टेकल्या टेकल्या तिला वाटलं, आपण मोकळ्या झालो. मग कळलं की हे मोकळं होणं नाही, हे रितं होणं आहे. दिवसभर ताई येणार होती. आता नव्हती येणार.

बाई गाडीपाशी आल्या. "शेवटचं बघून घेते म्हटलं," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "काही राहिलंय का आत." दार उघडून त्यांनी उगाचच कप्पा उघडला, बंद केला. मग त्यांचं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं आणि त्या हसल्या. "अगं बाई! हे अजून आहेत?"

"तुमचे आहेत?"

"माझेच. लाज वाटते सांगायला. मध्यंतरी फार आजारी होते मी. पाय हे असे सुजायचे. उपचार लांबच्या गावी, सारखं जावं लागायचं. हे म्हणायचे, पाय वर घे, उतरेल सूज. मी म्हणायचे, अहो, गाडी खराब होईल. तर म्हणायचे, गाडीच खराब होईल ना, होऊ दे." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "सगळ्यांना वाटत होतं मीच जाणार. डॉक्टरांनाही. आणि मी राहिले इथं, ठणठणीत. तेच गेले, चार दिवसांच्या तापात. त्या दिवसांत मी काय होते, हाडांचा सापळा. पण हे होते ना."

तिनं मान वर केली. बाई डॅशबोर्डकडेच बघत होत्या. "हे होते ना," त्यांनी पुन्हा म्हटलं, स्वतःशी, आणि पुढं काही जोडलं नाही. त्या शब्दांना पुढं काही लागतच नव्हतं. श्वास सोडावा तसे ते निघाले होते, खूप लांबून ओझं घेऊन आलेल्या माणसानं ते उंबऱ्यावर टेकवावं तसे. तिला दारातली ताई दिसली. आजवर तिला वाक्य ऐकू आलं होतं, ताई दिसली नव्हती. सुजलेले डोळे, प्रवासानं चुरगळलेली साडी, हातातून खाली घसरत चाललेली बॅग. बाबा गेले तेव्हा मी नव्हते, पण तू होतीस ना. ते एकटे नव्हते. तू होतीस. असं म्हणाली असेल ताई? की नसेल? खात्री कशी करायची, आवाज काही जपून ठेवता येत नाही. पण शब्द तेच होते आणि ते असेही म्हणता येतात, हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"काढायचे ना हे?" तिनं विचारलं.

"काढा की. नव्या माणसाला माझ्या टाचा कशाला?" मग बाईंनी जरा थांबून विचारलं, "निघतील पण?"

"निघतील. आतला फोम दबलाय, पण निघतील."

"इतक्या सहज?"

"सहज नाही," ती म्हणाली. "बसा ना. बघा हवं तर."

बाई चालकाच्या जागेवर बसल्या, आणि ती शेजारच्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत गुडघे टेकून. तिनं खड्डे पुसून घेतले. गन मनगटावर धरून पाहिली. मग हळूहळू, गोल गोल, ऊब देत गेली. चुण्या आधी गेल्या, काचेकडून इकडे येत येत, एकेक करून. मग रेक्झिन सैल पडलं आणि आतला फोम झोपेतून कूस बदलावी तसा हलला. तिनं कडांवर अंगठे दाबले, मधला भाग वर येऊ दिला, ओलं फडकं ठेवलं. उजवा खड्डा भरून आला. डाव्याला पुन्हा ऊब दिली, पुन्हा दाबलं. तो आला, पण पुरता नाही. तळाशी किंचित सावली राहिलीच. आणखी तापवलं तर दाणा मेला असता. तिनं गन बंद केली.

"हा थोडा राहील," ती म्हणाली. "बघणाऱ्याला कळणार नाही."

बाईंनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "तो पाय जास्त दुखायचा," त्या म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. जाताना बाईंनी तिचा हात धरला, ओला, साबणाचा. "बरं झालं हो, बाईमाणूस होतं हे करायला," असं काहीसं म्हणाल्या आणि फाटकातून पायीच निघाल्या, एकदाही मागं न बघता.

शेडमध्ये आवराआवर सुरू झाली. मेकॅनिक हात धूत होता, मालक कुलूप शोधत होते. तिनं पर्समधून मोबाईल काढला. ताईचा नंबर त्यात होता, होताच, "ताई" या नावानं, सगळ्या नावांत एकच. बोट त्यावर नेलं आणि थांबलं. ताईच्या फोनवर आपलं नाव उमटेल. नाव बघून तिनं उचलला नाही, तर ते कायमचं कळेल. ती केबिनमध्ये गेली. टेबलावर कारखान्याचा फोन होता. या नंबरावरून केला आणि उचलला नाही, तर त्याचा काहीच अर्थ होणार नाही. अनोळखी नंबर कोण उचलतं? "एक फोन करू का इथून?" तिनं विचारलं. "करा की," मालक म्हणाले, "मी आहे बाहेर." ते बाहेर गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

तिनं मोबाईल समोर धरून एकेक आकडा दाबला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वाक्याचं विचारायचं नाही एवढंच ठरलं होतं. पलीकडे घंटी वाजत राहिली. धुळकट काचेतून शेड दिसत होतं, आणि शेडमध्ये ती गाडी, संध्याकाळच्या उजेडात, दारं मिटून उभी. घंटी थांबली.

"हॅलो," आवाज जाडावला होता. मागं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी बादली ओढली. तिचे ओठ हलले, त्यांतून नुसता श्वास गेला.

"हॅलो, कोण हवंय आपल्याला? बोला."

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडे बादली ओढणं थांबलं. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि त्याला गप्प केलं गेलं. मग दोन्हीकडचे श्वास तेवढे येत राहिले. तिला वाटलं, आता ठेवणार. राँग नंबर समजून ठेवणार.

"बोल," ताई म्हणाली.